खरा तपास त्यांनी केला: अंडरकव्हर पोलिसांची गोष्ट, टीव्हीवरची आणि खरी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्यातले काही "म्हणजे" आणि "बघा" काढून टाकलेत, काही मुद्दाम राहू दिलेत.

सुरुवात एका प्रश्नानं करू. तुमचा जो सगळ्यात जवळचा माणूस आहे, मित्र, मैत्रीण, पार्टनर, त्याचं नाव खरं आहे हे तुम्हाला कशावरून माहीत? त्याचं आधार कार्ड कधी हातात घेऊन बघितलंय? नाही ना. कोण बघतं हो असलं काही! विश्वास म्हणजे तेच तर असतं, कागद न बघणं.

लंडनमधल्या एका बाईला मात्र कागद बघायची वेळ आली. जन्म-मृत्यूच्या नोंदींची जाडजूड रजिस्टरं तिनं उलटली. त्यात तिला जे सापडलं, त्याची गोष्ट आज सांगायचीय. पण त्याआधी जरा टीव्ही लावू, कारण ही गोष्ट कळायला आधी टीव्हीवर काय चाललं होतं ते बघावं लागेल.

बीबीसीवरचे दोन डिटेक्टिव्ह

फेब्रुवारी २००१. बीबीसी वनवर 'इन डीप' नावाची पोलिस मालिका सुरू झाली. लेखक पीटर ज्यूक्स. नायक दोन: लिअम केटमन आणि गार्थ ओ'हॅनलन. दोघंही अंडरकव्हर डिटेक्टिव्ह. म्हणजे गणवेश नाही, ओळखपत्र नाही, खिशात खोटं नाव आणि डोक्यात खोटी जन्मकथा. गुन्हेगारांच्या टोळीत शिरायचं, त्यांच्यासारखं बोलायचं, त्यांच्याबरोबर जेवायचं आणि मग एक दिवस त्यांनाच पकडून द्यायचं.

ओ'हॅनलनच्या भूमिकेत होता स्टीफन टॉम्पकिन्सन आणि केटमनच्या भूमिकेत निक बेरी. हा निक बेरी तिकडच्या प्रेक्षकांना 'हार्टबीट' या मालिकेमुळे पक्का ठाऊक होता. त्यात तो १९६० च्या दशकातल्या यॉर्कशायरच्या एका खेड्यातला कॉन्स्टेबल. गणवेश घालून गावात फिरणारा, सगळ्यांना नावानिशी ओळखणारा सरळ माणूस. तोच चेहरा 'इन डीप'मध्ये खोटं बोलण्याचा पगार घेत होता.

आणि "केटमन" हे आडनाव बघा. अरबी-फारसीत "किटमान" म्हणजे लपवणं, मनातलं मनात ठेवणं. पोलिश लेखक चेस्वाफ मिवोश यानं १९५३ मध्ये 'द कॅप्टिव्ह माइंड' या पुस्तकात याच शब्दावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय. हुकूमशाहीत माणसं वरून होकार देतात, आत वेगळीच असतात आणि हळूहळू त्या सोंगातच कशी मुरतात, ते त्यात आहे. योगायोग असेल नाहीतर मुद्दाम, पण दुहेरी आयुष्य जगणाऱ्या पोलिसाला याहून चपखल आडनाव मिळणं कठीण.

'इन डीप' २००३ पर्यंत चालली. त्याच काळात बीबीसीवर आणखी एक अंडरकव्हर पोलिस आला: 'मर्फीज लॉ'मधला टॉमी मर्फी. भूमिका जेम्स नेस्बिटची. म्हणजे त्या काळात हा प्रकार चांगलाच चलतीत होता.

अशा मालिकांचा जीव कशात असतो? एका प्रश्नात: याचं बिंग फुटेल का? टोळीतल्या कुणी संशयानं बघितलं की आपला श्वास अडकतो. तो घरी उशिरा पोचला, बायकोशी धड बोलता आलं नाही, की आपल्याला त्याचीच दया येते. कॅमेरा कायम पोलिसाच्या खांद्यावर असतो, त्यामुळे आपणही तिथेच असतो, त्याच्या बाजूनं. यात खोटं काही नाही. दुहेरी आयुष्य माणसाला आतून पोखरतं, खरोखरच्या अंडरकव्हर पोलिसांनीही हे सांगितलंय. पण कॅमेरा खांद्यावर असला की समोरच्या माणसाचं काय होतं, ते दिसत नाही. आणि ब्रिटनमध्ये नेमकं तेच बघायचं राहिलं होतं.

एक जुनं खातं

इथं थोडा इतिहास हवा. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांत 'स्पेशल ब्रँच' नावाचं एक खातं होतं. १८८३ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्याचं नाव होतं 'स्पेशल आयरिश ब्रँच', कारण आयरिश क्रांतिकारकांच्या बॉम्बस्फोटांनी लंडन हादरलं होतं. पुढे नावातलं "आयरिश" गळालं आणि कामाचा पसारा वाढला. चोर-दरोडेखोर पकडणं हे यांचं काम नव्हतं. राजकारणावर नजर ठेवणं हे होतं.

आपल्या इतिहासातही हे खातं येऊन गेलंय. हायगेटमधलं इंडिया हाउस आठवतं ना? श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ मध्ये सुरू केलेलं, विनायक दामोदर सावरकर जिथं राहत होते ते. त्या घरावर ब्रिटिश पोलिसांची पाळत होती आणि आत खबरे पेरलेले होते. त्यातला एक चक्क मराठी आडनावाचा, कीर्तिकर. विद्यार्थी म्हणून आत शिरला आणि आतल्यांनीच त्याचं बिंग फोडलं. तेव्हा सरकार साम्राज्याचं होतं आणि समोरचे स्वातंत्र्य मागत होते. पुढे हेच तंत्र सरकारनं आपल्याच मतदारांवर वापरलं.

१७ मार्च १९६८. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध लंडनमध्ये मोठा मोर्चा निघाला आणि ग्रोव्हनर स्क्वेअरमधल्या अमेरिकन वकिलातीसमोर पोलिस आणि निदर्शक यांच्यात जबरदस्त धुमश्चक्री झाली. दोनशेच्या वर लोकांना अटक झाली. पोलिसांना धक्का बसला: एवढं होणार हे आपल्याला आधी कळलं कसं नाही? त्या वर्षी ऑक्टोबरात आणखी एक मोठा मोर्चा ठरलेला होता. मग स्पेशल ब्रँचमधला चीफ इन्स्पेक्टर कॉनराड डिक्सन यानं एक पथक उभं केलं. पुढे त्याला नाव पडलं 'स्पेशल डेमन्स्ट्रेशन स्क्वॉड', थोडक्यात एसडीएस.

कल्पना सोपी होती. पोलिसांनी केस-दाढी वाढवायची, मळके कपडे घालायचे आणि चळवळीतले कार्यकर्ते होऊन जायचं. पोलिसांतच त्यांना "केसाळ" म्हणायचे. ऑक्टोबरचा मोर्चा बऱ्यापैकी शांततेत पार पडला. पथकाचं काम तिथं संपायला हवं होतं. ते चाललं तब्बल चाळीस वर्षं, २००८ पर्यंत.

आता इथं एक फरक नीट लक्षात घ्या, नाहीतर सगळी गल्लत होईल. 'इन डीप'मधले पोलिस गुन्हेगारांच्या मागे असतात. त्यांनी जमवलेला पुरावा शेवटी कोर्टात जातो, वकील त्याची उलटतपासणी करतो. एसडीएसचं काम कोर्टासाठी नव्हतंच. माहिती गोळा करायची आणि फायलीत ठेवायची. युद्धविरोधी, वर्णभेदविरोधी, प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणारे, पर्यावरणवाले, डावे गट. चाळीस वर्षांत एक हजारांहून जास्त संघटनांवर पाळत ठेवली गेली. कोर्टात कधी जायचंच नाही म्हटल्यावर जाब विचारणारंही कुणी नव्हतं. तीच या गोष्टीतली सगळ्यात घातक जागा.

मेलेल्या मुलांची नावं

खोटा माणूस तयार करायचा तर त्याला नाव लागतं, जन्मतारीख लागते, कुणी तपासलंच तर जन्माचा दाखला निघावा लागतो. फ्रेडरिक फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल' ही कादंबरी १९७१ मध्ये आली. त्यातला मारेकरी लहानपणी वारलेल्या मुलाच्या नावावर पासपोर्ट काढतो. एसडीएसचे अधिकारीही हेच करत होते.

लंडनमध्ये सेंट कॅथरीन्स हाउस नावाच्या इमारतीत जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदींची सूची असायची, कुणालाही बघता येईल अशी. पोलिस तिथं जायचे आणि साधारण आपल्या वयाचं, पण लहानपणीच गेलेलं मूल शोधायचे. त्याचं नाव घ्यायचे, वाढदिवस घ्यायचे. २०१३ मध्ये पोलिसांच्याच अंतर्गत चौकशीनं सांगितलं की एसडीएसच्या १०६ खोट्या ओळखींपैकी ४२ ओळखी अशा, मेलेल्या मुलांच्या नावांवर, उभ्या केलेल्या होत्या किंवा तशी दाट शक्यता होती. त्या मुलांच्या आईवडिलांना कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

जरा थांबून विचार करा. आपलं मूल गेलंय, त्याचं नाव घरात कुणी मोठ्यानं घेत नाही. आणि त्याच नावाचा एक दाढीवाला माणूस लंडनमध्ये सभांना जातोय, व्हॅन चालवतोय, कुणाच्या तरी प्रेमात असल्याचं नाटक करतोय.

हेलनचा शोध

आता त्या रजिस्टरं उलटणाऱ्या बाईकडे येऊ. तिचं नाव हेलन स्टील. स्वतःची गोष्ट तिनं स्वतःच्या नावानं जाहीरपणे सांगितली आहे. मॅकडोनाल्ड्सनं दोन कार्यकर्त्यांवर अब्रुनुकसानीचा खटला भरला होता, 'मॅकलायबल' म्हणून तो जगभर गाजला, त्यातल्या दोघांपैकी ती एक. इंग्लंडच्या इतिहासातला सगळ्यात लांबलेला खटला म्हणतात त्याला.

१९९० मध्ये तिच्या आयुष्यात जॉन नावाचा कार्यकर्ता आला. प्रेमळ, मदतीला तत्पर, जवळ गाडी असलेला. हे गाडीचं लक्षात ठेवा. कार्यकर्त्यांकडे सहसा पैसे नसतात. ज्याच्याकडे व्हॅन असते, तो सगळ्यांना घरी सोडतो. म्हणजे त्याला सगळ्यांची घरं माहीत होतात.

दोघं एकत्र राहू लागले, भविष्याच्या गोष्टी करू लागले. १९९२ मध्ये तो खचल्यासारखा वागायला लागला आणि एक दिवस निघून गेला. मागून परदेशातून पत्रं आली. हेलनला वाटलं, याचं मन ठिकाणावर नाही, जिवाचं काही बरंवाईट करेल. ती त्याला शोधू लागली. प्रेमापोटी, काळजीपोटी.

१९९४ मध्ये ती सेंट कॅथरीन्स हाउसमध्ये पोचली. होय, त्याच इमारतीत. त्याच्या जन्माची नोंद तिला आधीच मिळाली होती. आता तिनं मृत्यूची सूची बघितली आणि तिथंही तेच नाव होतं. तो मुलगा आठ वर्षांचा असताना रक्ताच्या कर्करोगानं गेला होता. त्या मुलाचं पूर्ण नाव मी इथं घेत नाही. आधीच बराच वापर झालाय त्याचा.

म्हणजे ती ज्याच्याबरोबर राहत होती, तो कोण होता? पुढची कितीतरी वर्षं ती कागद जुळवत राहिली. शेवटी एका लग्नाचा दाखला सापडला. त्यात नाव होतं जॉन डाइन्स. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं: पोलिस अधिकारी. हेलनला भेटायच्या आधीच त्याचं लग्न झालेलं होतं.

२०१६ मध्ये हेलननं त्याला सिडनीच्या विमानतळावर गाठलं. तो तिथल्या एका विद्यापीठात पोलिसांना शिकवत होता आणि त्या दिवशी भारतातून प्रशिक्षणाला आलेल्या पोलिस अधिकाऱ्यांना घ्यायला आला होता. चोवीस वर्षांनी दोघं समोरासमोर. त्यानं माफी मागितली.

गाडीच्या कप्प्यातला पासपोर्ट

हेलन एकटी नव्हती. बॉब लँबर्ट नावाच्या अधिकाऱ्याला १९८० च्या दशकात अशाच एका नात्यातून मूल झालं. काम संपलं तसा तो गायब झाला, पुढे याच पथकाचा एक प्रमुख झाला. त्या मुलाच्या आईला सत्य कळलं २०१२ मध्ये, वर्तमानपत्रातला त्याचा फोटो बघून. २०१४ मध्ये पोलिसांनी तिला ४,२५,००० पौंड भरपाई दिली.

मग मार्क केनेडी. हा एसडीएसचा नव्हे, त्याच पद्धतीनं काम करणाऱ्या दुसऱ्या एका पोलिस पथकाचा. तो "मार्क स्टोन" होऊन पर्यावरणवाल्यांच्यात शिरला २००३ मध्ये. म्हणजे बघा, 'इन डीप' बीबीसीवरून उतरली त्याच वर्षी. सात वर्षं हे सोंग चाललं. जुलै २०१० मध्ये इटलीत सुट्टीवर असताना त्याच्या मैत्रिणीला गाडीच्या कप्प्यात एक पासपोर्ट सापडला. फोटो याचा, नाव भलतंच. त्यानं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण तिच्या मनातून ते जाईना. तिनं आणि मित्रांनी नोंदी धुंडाळल्या आणि ऑक्टोबरात त्याला समोर बसवून विचारलं. त्यानं कबूल केलं.

जानेवारी २०११ मध्ये बातमी फुटली आणि एका वीजकेंद्रावर मोर्चा नेऊ पाहणाऱ्या सहा कार्यकर्त्यांवरचा खटला कोसळला. त्याच प्रकरणातल्या आणखी वीस जणांची शिक्षा त्याच वर्षी रद्द झाली, कारण केनेडीनं केलेलं ध्वनिमुद्रण बचाव पक्षापासून लपवून ठेवलं होतं.

२०१३ मध्ये एसडीएसचाच एक माजी अधिकारी, पीटर फ्रान्सिस, उघडपणे पुढे आला. १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा वर्णद्वेषातून खून झाला होता. न्याय मागणाऱ्या त्याच्या कुटुंबाची बदनामी करता येईल असं काही शोधायला आपल्याला सांगितलं होतं, असं फ्रान्सिसनं सांगितलं. खुनी मोकळे, आणि पाळत मेलेल्या मुलाच्या घरच्यांवर! सगळा देश हादरला. २०१४ मध्ये एका वकिलाच्या स्वतंत्र अहवालातही लॉरेन्स कुटुंबाच्या गोटात पोलिसांचा माणूस होता, हे आलं. मग तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे यांना न्यायाधीशांची चौकशी नेमावी लागली.

हिशोब

नोव्हेंबर २०१५ मध्ये मेट्रोपॉलिटन पोलिसांनी सात स्त्रियांची जाहीर माफी मागितली. ही नाती फसवणुकीची, छळाची आणि चुकीची होती, असं मान्य केलं. २०२१ मध्ये केट विल्सन या कार्यकर्तीनं, केनेडीनं फसवलेल्यांपैकी एक, विशेष न्यायाधिकरणात खटला जिंकला. तिच्या पाच मूलभूत हक्कांचा भंग झाल्याचं न्यायाधिकरणानं सांगितलं, त्यात अमानुष वागणुकीविरुद्धचा हक्कही होता.

आणि २०१५ मध्ये नेमलेली ती चौकशी? साक्षी सुरू व्हायलाच २०२० उजाडलं. जून २०२३ मध्ये पहिल्या टप्प्याचा अहवाल आला. अध्यक्ष जॉन मिटिंग यांनी लिहिलं की हे पथक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद करायला हवं होतं. बंद झालं कधी? २००८. दहा वर्षं उलटून गेली तरी चौकशी चालूच राहिली.

आता परत टीव्हीकडे. एप्रिल २०१६ मध्ये बीबीसीवर 'अंडरकव्हर' नावाची सहा भागांची मालिका आली, लेखक पीटर मॉफॅट. यात एक नामांकित वकील आहे, माया, भूमिका सोफी ओकोनेडोची. तिचा प्रेमळ नवरा, मुलांचा बाप, वीस वर्षांपूर्वी पोलिसांनी पेरलेला माणूस निघतो. भूमिका एड्रियन लेस्टरची. बघा, 'इन डीप'पासून पंधराच वर्षं झाली होती, पण कॅमेरा हलला होता. प्रश्न आता "याचं बिंग फुटेल का?" एवढाच नव्हता. "हिला कळेल तेव्हा हिचं काय होईल?" हाही होता.

तो कॅमेरा हलवला कुणी? कुठल्या चॅनेलनं नाही. रजिस्टरं उलटणाऱ्या, पासपोर्ट बघून गप्प न बसणाऱ्या, जुने फोटो जपून ठेवणाऱ्या बायकांनी आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींनी, शिवाय काही चिवट पत्रकारांनी. प्रशिक्षण नाही, पगार नाही, वॉरंट नाही. उलट "तुला भास होतायत, तो सोडून गेला हे मान्य कर" असं ऐकून घ्यावं लागायचं. या सगळ्या गोष्टीत खरा तपास करणारं कुणी असेल, तर त्याच.

एक छोटी भर. 'इन डीप' लिहिणारा पीटर ज्यूक्स पुढे पत्रकारितेकडे वळला. १९८७ मध्ये लंडनमध्ये डॅनियल मॉर्गन या खासगी डिटेक्टिव्हचा खून झाला होता आणि तपासात पोलिसांच्याच भ्रष्टाचाराचा वास येत होता. ज्यूक्सनं त्यावर २०१६ मध्ये मालिका केली, पण टीव्हीवर नव्हे. पॉडकास्ट केला! मेलेल्या माणसाच्या भावाला सोबत घेऊन. पोलिसांची काल्पनिक गोष्ट लिहिणारा माणूस शेवटी पोलिसांना खरे प्रश्न विचारायला लागला, आणि माध्यम निवडलं आपलं, कानात सांगायचं.

आता कुणी म्हणेल, मग अंडरकव्हर पोलिस नकोतच का? तसं नाही. माणसांची तस्करी करणारी टोळी आतून फोडायची तर कुणीतरी आत जावंच लागतं. प्रश्न एवढाच की तो माणूस कुणाच्या घरात शिरतोय, किती दिवसांसाठी, कुणाच्या परवानगीनं, आणि बाहेर आल्यावर त्याला जाब कोण विचारणार. याची उत्तरं कागदावर नसतील, तर ज्याला घर फोडायला पाठवलं नव्हतं, तोही घर फोडून येतो.

तेव्हा पुढच्या वेळी अशी एखादी मालिका बघाल, नायक खोटं नाव सांगून कुणाच्या तरी दारात उभा असेल, तेव्हा एक करा. क्षणभर त्याच्याकडे बघूच नका. दार उघडणाऱ्या माणसाकडे बघा.

आजच्यापुरतं एवढंच. तुम्ही पाहिलेल्या कुठल्या मालिकेत कॅमेरा दाराच्या आतल्या बाजूला होता, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!